घासलेले आकडे

आमच्या घरात कांदा चिरायची एक सुरी होती आणि आकडे घासायची अर्धी ब्लेड होती, आणि दोन्ही माझ्याच हातात असायच्या. सुरीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ब्लेडबद्दल आहे, आणि ते सांगताना मला अजून राग येतो. तो येऊ द्यायचा असं मी ठरवलं आहे.

माझे यजमान अँप्लिफायर बनवायचे. लग्नाच्या मांडवात, जयंतीला, निवडणुकीच्या सभेत कर्णे लावतात, त्या कर्ण्यांना आवाज पुरवणारी ती लोखंडी पेटी. सगळे तिला सेट म्हणत. सत्तर सालच्या आगेमागे त्यांनी आमच्या पुढच्या खोलीतच टेबल टाकलं आणि दारावर पाटी लावली. मांडव, खुर्च्या, कर्णे भाड्यानं देणारे नागपुरातले बिछायत केंद्रवाले यायचे. उमरेडहून एसटीच्या टपावर सेट टाकून आणणारेही होते. दुसऱ्यांच्या सेटवर माणूस बोलला की पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटायचा, यांच्या सेटवर तोच माणूस छातीतून बोलायचा. आमच्या वस्तीतल्या विहारात जयंतीला दरवर्षी यांचाच सेट लागे. त्या दिवशी ते नवा पांढरा शर्ट घालून कर्ण्याखाली उभे राहत. भाषण कोण करतंय, काय म्हणतंय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. ते नुसता आवाज ऐकत.

सुरुवातीला त्यांनी हाताखाली एक माणूस ठेवला होता. तो काम शिकला, आणि मग दोन गल्ल्या सोडून त्यानं स्वतःची पाटी लावली. सेट हुबेहूब आमच्यासारखा. यांच्या अंगाचा तिळपापड झाला. जेवताना, झोपताना, अंघोळीचं पाणी काढताना दुसरा विषय नाही. पुढे त्यांनी सेटच्या आत काहीतरी बदल केला, आवाज आणखी भरदार झाला, आणि एका दुपारी माझ्यासमोर कंडेन्सरची पुडी, अर्धी ब्लेड आणि काळ्या रंगाची बाटली ठेवली.

"आजपासून याच्यावरचे आकडे घासत जाय," ते म्हणाले. "वरून काळा रंग मारायचा. आत काय लावलं हाय ते कोनाले कळलं नाही पाहिजे."

मी मॅट्रिक झालेली. न समजता कुठलंही काम करायचं माझ्या जिवावर येतं. आकड्यांचा अर्थ सांगा, मग घासते, असं मी म्हटलं. ते आधी चिडले, पण सांगायला बसल्यावर रंगले. त्यांना बोलताना एवढं खूश मी क्वचितच पाहिलं.

कंडेन्सर म्हणजे हिरवट, चपटी, चिंचोक्याएवढी वस्तू, खाली दोन तारा. त्यात थोडीशी वीज साठते. किती साठते ते त्याच्या पोटावर बारीक आकड्यात छापलेलं असतं, पण सरळ नाही. १०४ लिहिलं असेल तर पहिले दोन आकडे जसेच्या तसे घ्यायचे, म्हणजे दहा. तिसरा आकडा सांगतो पुढे शून्यं किती द्यायची, म्हणजे चार. झाले एक लाख. ४७३ म्हणजे सत्तेचाळीस हजार, २२३ म्हणजे बावीस हजार, २२२ म्हणजे बावीसशे. माप पिकोफॅरडचं, इतकं बारीक की लाख जमले तरी वरच्या मापात ते पॉइंट वनच भरतात. आकड्यामागे के अक्षर असेल तर माल दहा टक्के इकडेतिकडे, जे असेल तर पाच. बाजारात मात्र एवढं कोणी बोलत नाही. दुकानात जाऊन एकशे चार द्या म्हणायचं, दुकानदार पुडी बांधतो.

"म्हणजे तुमचे लाख असेच," मी म्हटलं, "म्हणायला लाख, निघाले पॉइंट वन." ते हसले. पुष्कळ दिवसांनी हसले होते, म्हणून मला ते लक्षात आहे.

मग मी घासू लागले. दुपारची भांडी झाली की दाराशी पाट टाकून बसायचं, डाव्या चिमटीत कंडेन्सर धरायचा, ब्लेडनं आकडा खरवडायचा, पॉलिश पेपरनं साफ करायचा, काळा रंग मारून वर्तमानपत्रावर वाळत घालायचा. नखांत हिरवी भुकटी बसे, भाकरी थापताना ती आठवून मला शिसारी येई. ते सीताबर्डीच्या बाजारातून या चारही आकड्यांचा माल आणत. एका वेळी एकच पुडी मला देत आणि झाली की घेऊन जात. कुठला कंडेन्सर कुठे बसतो हे त्यांनी मला कधीही सांगितलं नाही. टेबलाकडे पाठ करून बसायला सांगत. घासलेल्यातले बरेच ते टेबलाखालच्या बिस्किटांच्या डब्यात टाकत. हे काय म्हणून विचारलं तर म्हणत, तो खराब माल हाय.

मला हा अपमान वाटायचा. बायकोनं डोळे फोडून आकडे घासायचे आणि तिच्यावरच भरवसा नाही. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "तुले मालूम नसलं तर कोनी तुह्याकडून काढू शकत नाही." त्यांच्या दृष्टीनं ती माझी काळजीच होती. त्यांचा स्वभाव असाच होता. प्रेम होतं, पण त्यालाही कुलूप होतं.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. थंडी सरत आली होती, दुपारी अंगणातली फरशी तापायला लागली होती. विहारानं त्या वर्षी भाड्याचा नको, स्वतःचा सेट हवा म्हणून यांना सांगितलं होतं. हे काम त्यांच्या जिवाचं होतं. पेटी त्यांनी स्वतः रंगवली होती. त्या दुपारी ते टेबलावर तारांना कथलाचे डाग देत बसले होते, मी पाठ करून दाराशी. पाठमोरे असतानाच त्यांनी हात मागे केला आणि म्हणाले, "एकशे चार दे."

मी वर्तमानपत्रावरून काळा कंडेन्सर उचलून पुढे केला. हात जागचा हलला नाही. डाग द्यायची इस्त्री खाली पडली आणि चटई जळाल्याचा वास आला. ते माझ्याकडे वळले तेव्हा त्यांच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती. "एकशे चार," ते म्हणाले. मग पुन्हा तेच.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं समजावून सांगितलं. उजवं अंग गेलं होतं आणि त्याबरोबर वाचा. काही जणांच्या तोंडी एखादाच शब्द उरतो, तो त्यांना म्हणायचा असतो म्हणून नव्हे, तेवढाच बाहेर पडतो म्हणून. त्यांना समजतं का, असं मी विचारलं. थोडं समजत असावं, किती ते कोणी सांगू शकणार नाही, असं तो म्हणाला. खोटा धीर दिला नाही म्हणून मला तो आवडला, आणि त्याच कारणासाठी त्या दिवशी त्याचं तोंड पाहू नये असंही वाटलं.

घरी आणलं. पाणी हवं असलं की एकशे चार, कूस बदलायची असली की एकशे चार, माशी बसली तरी एकशे चार. आवाजाच्या चढउतारावरून मी ओळखायला शिकले, निदान शिकले असं मला वाटत होतं. भेटायला येणाऱ्या बायका पदर तोंडाला लावत, काही रडण्यासाठी आणि काही हसू लपवायला. एकदा वरण फार खारट झालं आणि त्यांनी इतक्या जोरात एकशे चार म्हटलं की मलाच हसू फुटलं. तेही अर्ध्या तोंडानं हसले. मग रडायला लागले आणि थांबेचनात.

टेबलावर विहाराचा सेट तसाच पडून होता. जयंती जवळ येत होती. विहारातली माणसं यायची, बसायची, सेटकडे बघायची आणि उठून जायची. शेवटी माझ्या दिरानं काम अंगावर घेतलं. तो वायरमन, डाग देणं त्याला येत होतं. त्यानं सेट उलटा करून पाहिला. सगळं जागेवर होतं, फक्त आवाजाचा जाडबारीकपणा ठरतो त्या पट्टीवर चार जागा रिकाम्या होत्या. त्या चार जागी कोणते कंडेन्सर बसतात एवढंच हवं होतं. दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या सेटात बघावं तर चारही काळे. मी स्वतः काळे केलेले.

दिराकडे मीटर होतं. त्याचा काटा उडून परत यायचा, त्यावरून माल जिवंत आहे एवढं कळायचं. किती मापाचा ते कळायचं नाही. ते मोजायचं यंत्र पॉलिटेक्निकमध्ये आहे, जुना सेट घेऊन जातो, असं तो म्हणाला. त्यानं सेट उचलला मात्र, माझ्या नवऱ्यानं डाव्या हातानं पाण्याचा तांब्या भिरकावला आणि ते लहान मुलासारखे ओरडू लागले. एकशे चार, एकशे चार. धाप लागून डोळे पांढरे झाले. मी दिराच्या हातातून सेट काढून घेतला. ते आहेत तोवर सेट या घराबाहेर जाणार नाही, असं मी सांगून टाकलं. इतकी वर्षं जे झाकून ठेवलं ते त्यांच्या डोळ्यांदेखत चव्हाट्यावर मांडायचं हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मग त्यांनाच विचारायचं ठरलं. त्यांना खरंच कळतं का, हा प्रश्न मला दवाखान्यापासून कुरतडत होता. माझा नवरा त्या शरीरात आहे की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. त्यांनी दाखवलेल्या मालानं सेट जमला तर तेही कळणार होतं. दिरानं न घासलेला नवा माल आणला. मी एका थाळीत चार जातींचे चार ढीग लावले, सेट त्यांच्या मांडीवर टेकवला आणि पहिल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. त्यांनी डावा हात पुढे केला, ढिगांवरून फिरवला आणि एक कंडेन्सर उचलला. आकडा होता १०४. दुसऱ्या जागेवर बोट ठेवलं, पुन्हा १०४. तिसऱ्या आणि चौथ्या जागेलाही तेच. थाळी फिरवली, ढिगांच्या जागा बदलल्या, तरी बोटं शोधत शोधत १०४ वरच आली. ४७३ मी हातात दिला तर त्यांनी तो फेकला.

ते आत आहेत, त्यांना कळतंय, असं मी दिराला म्हटलं. पण दीर मान हलवत होता. त्यानं एक परीक्षा घेतली, आणि ती वाजवी होती हे मला आजही कबूल आहे. सेटात जिथे बाहेरची वीज येते तिथे मोठा नळकांड्यासारखा कंडेन्सर लागतो. त्याच्यावर माप सरळ छापलेलं असतं आणि उण्याच्या बाजूला पट्टी असते. हे काल शिकायला लागलेल्यालाही ठाऊक. दिरानं तो थाळीत ठेवला, त्याच्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, दादा, इथे काय. त्यांनी मोठ्या कंडेन्सरकडे पाहिलं, त्याला हात लावला, आणि उचलला १०४.

"वहिनी," दीर बाहेर येऊन म्हणाला, "ते डोक्यातून नाही येऊन राहिलं. जे जिभेवर बसलं हाय तेच हाताले दिसून राहिलं."

आणि मी तरी काय म्हणणार होते? चारही जातींचे आकडे मी माझ्या हातानं घासले होते, वर्षानुवर्षं. सगळ्या जागी एकच लागत असता तर बाकीचे कशाला आणले असते? दिराच्या एका ओळखीच्या मेकॅनिककडे सेटच्या जोडणीचा पुस्तकातला नकाशा होता, त्यातही चार जागी वेगवेगळी मापं दाखवली होती. चार जाती, चार जागा. नकाशाप्रमाणे दिरानं ते डाग देऊन बसवून टाकले. सेट लागला. आवाज आला. मी त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडले, सेटसाठी नव्हे.

जयंतीला त्यांना नवा पांढरा शर्ट घातला आणि खुर्चीत बसवून विहारात नेलं. खुर्ची त्यांच्या नेहमीच्या जागी, कर्ण्याखाली ठेवली. लोकांनी नमस्कार केले, दोघातिघांनी पाया पडून घेतलं. वक्ता बोलायला उभा राहिला आणि पहिल्या वाक्याला मला कळलं. आवाज वाईट नव्हता, मोठाही होता. पण पत्र्याच्या डब्यातून येत होता.

त्यांनी मान वर केली. डावा हात कर्ण्याकडे उचलला आणि म्हणाले, "एकशे चार." मी त्यांचा हात खाली घेतला. त्यांनी तो सोडवला, पुन्हा वर केला आणि मोठ्यानं म्हणाले. वक्ता थबकला. शेवटी सगळं विहार शांत आणि हे एकटे ओरडत आहेत, एकशे चार, एकशे चार, मानेच्या शिरा ताणून. कुणी म्हणालं, उन्हाचा त्रास होतोय. कुणी म्हणालं, पाणी पाजा. मी पाणी पाजलं. ते त्यांच्या शर्टावर सांडलं. मग चौघांनी खुर्ची उचलली आणि आम्ही घरी आलो. लाजेनं माझी मान वर होत नव्हती आणि त्यांच्यावरच्या दयेनं जीव तुटत होता. दोन्ही एकदम वाटू शकतं हे तोवर मला ठाऊक नव्हतं.

त्या पावसाळ्यात बिछायतवाले एकेक करून दोन गल्ल्यांपलीकडे, आमच्याकडे काम शिकून गेलेल्या त्या माणसाकडे वळले. त्यांचं तरी काय चुकलं. टेबल आत सरकवलं, पुढची खोली एका शिंप्याला भाड्यानं दिली आणि मी मुलींच्या वसतिगृहात नोकरी धरली. ते खिडकीशी पडून शिंप्याचं मशीन ऐकायचे. पुढच्या थंडीत एका सकाळी गेले. विहारातली माणसं आली, त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं. कर्णा लावायचा का, असं एकानं हळूच विचारलं. मी नको म्हटलं.

पुष्कळ दिवसांनी एक बिछायतवाला आमचा जुना सेट परत घेऊन आला. भंगारात देण्यापेक्षा तुमच्याकडे राहू द्या म्हणाला. आता घराबाहेर न्यायला हरकत घेणारं कोणी नव्हतं. दीर तो सेट पॉलिटेक्निकमध्ये घेऊन गेला. टेबलाखालचा बिस्किटांचा डबाही नेला, खराब मालाचा. दिवस मावळता परत आला आणि उंबऱ्यावरच बसला. त्याला आत या म्हणायचंही मला सुचलं नाही.

"चारही जागी एकशे चार हाय, वहिनी," तो म्हणाला. "चारही."

डब्यात काय होतं, असं मी विचारलं. डब्यात बाकीचे सगळे होते. सत्तेचाळीस हजारांचे, बावीस हजारांचे, बावीसशेचे. एकही खराब नव्हता. ते लावायचे नव्हतेच. सीताबर्डीच्या दुकानदाराला कळू नये, गल्लीतल्या कुणाला कळू नये म्हणून ते आणायचे आणि माझ्याकडून घासून घ्यायचे. मलाही कळू नये म्हणून. मी इतक्या दुपारी पाठ करून बसून जे घासलं त्यातलं बरंचसं फेकण्यासाठी होतं. ज्याला फसवायचं होतं तो दोन गल्ल्या पलीकडे सुखात दुकान चालवत होता, आणि फसलो आम्ही. मला त्या क्षणी इतका संताप आला की ते जिवंत असते तर मी तो डबा त्यांच्या अंगावर ओतला असता.

दीर डोळे पुसत होता. "पन मी विचारलं तवा त्यानं मोठ्याच्या जागीबी तेच उचललं होतं," तो म्हणाला. "तुमी पाह्यलं होतं ना." मी पाहिलं होतं. त्याचं चुकलं नव्हतं. ते जागे होते आणि आम्हाला स्पष्ट उत्तर देत होते, की त्यांच्यात ते एकच उत्तर उरलं होतं आणि प्रश्न योगायोगानं त्याच उत्तराचा होता, हे सांगणारं यंत्र पॉलिटेक्निकमध्येही नाही. विहारात ते आवाज ऐकून ओरडत होते की खरंच उन्हानं, हेही मला कधी कळणार नाही. त्यांनी मला एकदा नीट सांगून ठेवलं असतं, तर त्यांच्याकडे बघून मला कळलं असतं.

तो डबा अजून माझ्याकडे आहे. आत सगळे काळे, सगळे सारखे.

त्यांच्या शेवटच्या सकाळी मी वसतिगृहात जायला निघाले होते. त्यांनी डाव्या हातानं माझा पदर धरला. एवढ्या महिन्यांत त्यांनी तसं कधी केलं नव्हतं. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि अगदी हळू, प्रत्येक अक्षर वेगळं करत म्हणाले, "एकशे चार." मी पाण्याचा पेला भरून तोंडाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं नाही.